उलटे आटे

परतूरच्या ट्रकातून, मोडक्या कूलरांच्या ढिगाखालून
ती खाली उतरली तेव्हा काट्यावर मीच होतो.
जालन्यात वजनकाटा म्हणजे शेवटचा नाका,
त्याच्या पुढं भट्टी.

ट्रॅक्टर म्हणावं तर बुटकी,
जीप म्हणावं तर नाक लांब.
बॉनेट नाहीच, इंजिन उघडं,
लंगोट लावून तालमीत उतरल्यासारखं.
मागची चाकं थोराड, पुढची पोरसवदा.
बसायला एकच जागा, तीही इतकी खाली
की चालवणाऱ्याचं बूड रस्त्यापासून वीतभर.

क्रेनवाला संतराम म्हणाला, येड्याचं काम हाय हे.
मालक म्हणाले, रजिस्टरला कंपनी कोणती लावायची?
म्हणालो, बघून सांगतो.
भट्टी दुरुस्तीला होती, दोन दिवस हातात होते.

चासी विलीजची, मधून कापून हातभर वाढवलेली.
स्टिअरिंग अँबेसिडरचं, दिवे राजदूतचे,
पुढची जाळी ज्वारीची चाळणी,
नंबरप्लेटीवर दोन अक्षरं, मग नुसता गंज.
नखानं रंग खरवडला : निळा, त्याखाली लाल,
त्याखाली तो शेवाळी हिरवा
जो जिनिंगच्या मशिनींना फासतात.
म्हणजे सरकीच्या गावची. मानवत, सेलू, तिथंच कुठं तरी.

गिअरच्या दांड्यावर मूठ म्हणून
पोळ्याला बैलाच्या शिंगात घालतात ती पितळी शेंबी,
अंगठ्याच्या जागी झिजून कागद झालेली.
ती काढायला गेलो तर निघेना.
संतरामनं पान्याला पाइप लावून जोर केला,
शिव्या दिल्या, तेल सोडलं.
वैतागून मी उलटं फिरवलं
आणि ती लोण्यासारखी सुटली.
मग एकेक बोल्ट तपासला.
सगळे तसेच. सगळे आटे उलटे.

रविवारी शेंबी खिशात घालून सेलूला उतरलो.
लेथवाले खाजामियाँ, ऐंशीच्या पुढचे,
भिंगातून आटे बघत बसले, मग एवढंच म्हणाले,
"उल्टे हाथ का काम है ये."
आणि शेंबी परत दिली, पुसून.
फाटकावरचे जुने गेटमन बाबाराव डुबे म्हणाले,
जिनिंगवाल्या शेटच्या पोरासाठी केली होती.
मग म्हणाले, छे, तोच चालवायचा,
सकाळच्या मीटरगेजबरोबर, ढेंगळी पिंपळगावपर्यंत,
इंजिनवाला शिटी द्यायचा त्याला.
कोण तो? नाव आठवंना. डावरा होता एवढं खरं.

तीन घरं फिरलो. दोन ठिकाणी चहा, एका ठिकाणी कुत्रं.
शेवटी मशिदीमागं एक पत्र्याचं घर,
नसीमबी नावाची बाई, शिवणाच्या मशिनवर.
म्हणाली, बसा, आधी हात धुवा, ग्रीस लागलंय.
नळ उघडायला गेलो. उघडेना.
जोर लावला तसा आणखी आवळला.
ती आतूनच म्हणाली,
"उजवीकडं फिरवा. आमच्या घरात सगळं असंच आहे."

पाणी आलं. मी तसाच उभा राहिलो, हात न धुता.

याकूब मिस्त्री. तिचे वडील.
पुण्याच्या कारखान्यात टर्नरच्या परीक्षेला गेले,
साहेब म्हणाला, डावऱ्याला आमची मशीन चालत नाही.
परत येताना गाडीत कुणाशी बोलले नाहीत.
नंतर चार वर्षं, रात्रपाळी संपल्यावर,
जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ही.
बैल कुणाचा होता ते तिलाही माहीत नाही.
शेंबी मात्र तिनं हातात धरली, डाव्या.

"कुठं आहे आता?"
म्हणालो, जालन्याला. सावलीत आहे.
सावली खरी होती, शेडची.

मंगळवारी कंपनीच्या रकान्यात लिहिलं,
याकूब मिस्त्री, सेलू.
मालकानं वाचलं, चष्मा वर केला, खाली केला,
आणि पुढच्या ट्रकाची पावती मागितली.
वजन सातशे बारा किलो.
चुंबक खाली आला.
त्याला आटे कळत नाहीत.